पांढऱ्या काठाची घोंगडी

१

दोर वर आला तेव्हा त्याच्या टोकाला हौशीराम शेवाळे होता आणि हौशीरामला चेहरा उरला नव्हता.

कुरवंड्याच्या गड्यांनी त्याला नागफणीच्या कड्याखालच्या टप्प्यावरून ओढून काढलं होतं. लोणावळ्याचे फौजदार रज्जाक मुलाणी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मढ्याची मान वळवून पाहिली. जबडा एका अंगाला सरकला होता. डोक्याची मागची बाजू नारळ फुटावा तशी फुटली होती. कालपर्यंत हा माणूस पुण्याच्या एका सिनेमा कंपनीचा डायरेक्टर होता. हातात वेताची छडी घेऊन शंभर माणसांना नाचवत होता. छडी अजून मनगटाला दोरीनं अडकलेली होती.

"झाका," फौजदार म्हणाले.

हवालदार नथूनं धोतर टाकलं, तोच मागं ओरडा उठला.

"यालाबी तितंच टाका!"

कंपनीची माणसं एका गड्याला पाय धरून कड्याकडं फरफटत आणत होती. त्याचा सदरा फाटून कमरेला आला होता आणि तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. फौजदारांनी पुढच्याच्या नडगीवर काठी हाणली. तो कोलमडला. दुसऱ्यानं हात उगारला, त्याच्या मनगटावर दुसरा तडाखा बसला.

"ज्याला टाकायची हौस आहे त्यानं आधी मला टाकावं," फौजदार म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "या. कोण येतो?"

माणसं मागं सरली.

खाली पडलेला गडी कुरवंड्याचा अंबाजी होता. पिढीजात कड्यावर गुरं राखणारा. सिनेमातला खुनी कड्याच्या काठानं चालतो असं लांबून दाखवायचं होतं, पण खुन्याचं काम करणाऱ्या नटाला भोवळ यायची. म्हणून त्याच्या जागी अंबाजीला घोंगडी पांघरवून चालवत. आता त्याच्या उजव्या हाताची बोटं भलत्याच दिशांना वळली होती. तंबूच्या खुंट्या ठोकायच्या मोगरीनं ती कोणीतरी दगडावर ठेवून ठेचली होती.

"कबूल कर म्हनत व्हते," अंबाजी थुंकला. थुंकीत दात आला. "काय कबूल करू, साहेब? मी तर पानी आनाया गेलतो."

गर्दी फोडून एक बाई आली आणि त्याच्या अंगावर पडली. ती त्याची बायको नंदाबाई. रडली नाही. फौजदारांचा बूट तिनं दोन्ही हातांनी धरला.

"दुपारच्या गाडीनं पुन्याचा मोठा साहेब येतोय म्हनं. ह्याला घिऊन जाईल. पुन्याला गेला की ह्यो गेला, साहेब. तितून आमचं मानूस माघारी येत न्हाई."

खरंच होतं ते. येणारे मोठे साहेब म्हणजे पोलिसांचे डिप्टीसाहेब, कंपनीच्या मालकाच्या पंगतीत बसणारे. त्यांना खून बघितलेला साक्षीदार मिळाला की पुरे. आणि तसा साक्षीदार होता.

२

साक्षीदाराचं नाव दत्तोबा पिंगळे. सिनेमाची कथा त्याचीच. ठाण्यावर वर्दी द्यायला कंपनीच्या मोटारीतून तोच आला होता आणि फौजदारांना घेऊन वर येताना वाटभर त्यानं सगळं सांगितलं होतं. माणूस सांगण्यात तयार होता. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, त्याला कळत होतं.

"काल मी पुण्यात होतो. सकाळच्या गाडीनं उतरलो आणि थेट कड्याकडे निघालो. वर दाट धुकं. वाटेवर हिरड्याचं एक झाड आहे, तिथं दम खायला थांबलो. एवढ्यात धुकं फाटलं. कड्याच्या टोकाला शेवाळे दरीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांच्या मागे तो! माझ्याकडे पाठ. घोंगडीचा पांढरा काठ या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, अगदी लख्ख. त्यानं दोन्ही हातांनी दगड उचलला आणि शेवाळ्यांच्या टाळक्यात घातला. मग लाथ मारून खाली लोटलं. दगड बाजूच्या जाळीत फेकला. मी ओरडलो, तोवर पुन्हा धुकं मिटलं."

"मग?"

"मग मी धावत तंबूकडे गेलो. अंबाजीनं साहेबांना ढकललं, एवढंच तोंडातून निघालं. माणसं धावली, मी मोटार घेऊन तुमच्याकडे आलो. त्यांनी त्याला धरला की नाही तेही मला ठाऊक नव्हतं."

फौजदार आता हिरड्याच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. धुकं वितळलं होतं. कड्याचं टोक तिथून स्वच्छ दिसत होतं. माणूस दिसेल, दगड दिसेल, सगळं दिसेल. दत्तोबाची साक्ष खोटी पाडायला इथं काही नव्हतं.

ते कड्याशी परतले आणि शेजारच्या करवंदीच्या जाळीत काठी घालून हुडकू लागले. हाताला काटे लागले. मग ओढून काढला तो दगड दोन मुठींएवढा होता आणि त्याच्या एका अंगाला केस चिकटले होते.

दत्तोबानं सांगितलं तसंच.

नथू जवळ आला. त्याच्या काखेत एक बोचकं होतं. "साहेब, ही अंबाजीची घोंगडी. गर्दीनं वढून तंबूमागं टाकली व्हती. जरा बगा तरी."

घोंगडी अर्धी जळलेली होती.

"रगात उडालं आसंल," नथू कुजबुजला. "ते लपवाया जाळली ह्यानं. आता काय ऱ्हायलं?"

३

"तू ही जाळलीस?" फौजदारांनी विचारलं.

अंबाजीनं मान वर केली. त्याचा एक डोळा मिटला होता. "मी कशाला जाळीन? मला तशीच दिली सकाळी. थंडी व्हती, म्हून खांद्यावर टाकून झऱ्यावर गेलतो. साहेबास्नी च्याला पानी पायजे व्हतं. घागर घिऊन वर येतोय तर ह्यांनी घागरच डोक्यात घातली."

"झऱ्यावर कोणी पाहिलं तुला?"

"धुक्यात कोन बगनार? वानरं."

"काल शेवाळ्यांनी तुला छडीनं मारलं म्हणतात."

"मारलं की. आनखी काठाला जा म्हनले. म्या म्हनलं, तितं माती सुटली हाय, तुमी चालून दावा. तर पाठीवर दिली." त्यानं खाकरून रक्त टाकलं. "पर ते कुनाला मारत न्हवते? ज्यानं त्यानं त्येचा जीव घ्यायचा म्हनला तर रांग लागली आसती."

ते फौजदारांना पुढच्या घटकेतच पटलं. कॅमेरावाला वाहिद सकाळी समोरच्या टेकाडावर आपल्या माणसांत, कॅमेऱ्यापाशी होता. ते सगळे एकमेकांचे साक्षीदार. धुकं एकदा फाटून मिटलं हे त्यानंही सांगितलं, पण तेव्हा तो काच पुसत होता. शेवाळ्यांबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गेल्या चित्रात त्यांनी माझ्या पोराच्या कानाखाली अशी मारली की त्याला त्या कानानं ऐकू येत नाही. तुम्ही मला धरणार असाल तर धरा. पण मी इथं होतो."

खुन्याचं काम करणारा नट गुलजार तंबूत बसला होता. दांडगा गडी, पण डोळे लहान मुलासारखे भेदरलेले. कोपरापासून मनगटापर्यंत हाताला फडकं गुंडाळलेलं. त्याच्यासमोर खोबरेल तेलाची वाटी घेऊन सिनेमाची नायिका कमरजहाँ बसली होती.

"हाताला काय झालं?"

"भाजला," गुलजार म्हणाला.

"कशानं?"

"शेवाळेसाहेबांच्या कृपेनं. मला झोपडीत उभं केलं आणि बाहेरून पेटवली. मी ओरडतोय, बाहेर काढा, बाहेर काढा, तर हे म्हणतात, वा गुलजार, काय ओरडतोस! असंच ओरड!"

"सकाळी कुठं होता?"

"इथंच. कातडी सोलून निघत होती. कमरजहाँबाई तेल लावत होत्या. आरडाओरडा झाला तेव्हा आम्ही दोघंही इथंच होतो, ही बाहेरची स्वयंपाकीण सांगेल."

स्वयंपाकिणीनं, धोंडाबाईनं, दारातूनच सांगितलं, "व्हय, हितंच व्हती दोगं. ह्यो बापया येवढा कळवळत व्हता की माजी भाकर करपली."

फौजदार उठायच्या बेतात होते. मग पुन्हा खाली बसले.

"झोपडी पेटवली कधी?"

४

"काल संध्याकाळी," कमरजहाँ म्हणाली. "तेव्हाच तर घोंगडी जळली."

फौजदारांनी नथूच्या काखेतलं बोचकं घेतलं आणि नाकाशी नेलं. घासलेटाचा वास होता, शिळा, थंड. रात्रभर दव पडून राख लोकरीत मुरली होती. ही आज जाळलेली घोंगडी नव्हती.

"बाई, मला सिनेमातलं काही कळत नाही. ही गोष्ट सुरुवातीपासून सांगा."

"सुरुवातीपासून सांगू की घेतली तशी सांगू? दोन्ही वेगळं असतं." ती पहिल्यांदा किंचित हसली. "आम्ही शेवट आधी करतो, मधलं नंतर, जसं ऊन पडेल तसं. गोष्ट अशी की घोंगडीवाला माणूस गावात खून करत सुटतो. कोण ते कळत नाही. दत्तोबांच्या कथेत तो मध्यावर कड्यावर खून करतो आणि अगदी शेवटी झोपडीला आग लागते, घोंगडी जळते, तोंड उघडं पडतं. तेव्हा लोकांना कळतं, अरे, हा तर गावचा वैद्य!"

"मग?"

"शेवाळ्यांनी ते उलटं केलं. आग मध्ये आणली. लोकांना खुनी मध्यावरच दाखवायचा. म्हणजे नंतर कड्यावर जळकी घोंगडी दिसली की थेटरातली माणसं बाकावर उभी राहतील, पळ, पळ, हाच तो! पण पडद्यावर मरणाऱ्याला ते ठाऊक नाही. त्यावरून दोघांत फार वाजलं. दत्तोबा म्हणाले, खुनी आधी सांगितला तर गोष्टीत राहिलं काय? शेवाळे म्हणाले, भीती राहिली."

फौजदारांना आपली बायको खतीजा आठवली. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. ते ठाण्यावरून आले की ताट पुढं ठेवून ती म्हणायची, "आधी कुणी मारलं ते सांगा, मग बाकीचं ऐकते." ते चिडायचे. अशानं मजा जाते म्हणायचे. ती म्हणायची, "मजा तुमची. मला तो माणूस पुढं काय करतो ते बघायचंय." आता घरी ताट झाकून ठेवणारंही कोणी नव्हतं.

"घोंगड्या किती होत्या?" त्यांनी विचारलं.

"एकच. लांबून पडद्यावर दिसावी म्हणून तिला वरच्या अंगाला पांढरा काठ शिवून घेतला होता. एकच, म्हणून दत्तोबांनी आगीचा प्रवेश सगळ्यात शेवटच्या दिवशी ठेवला होता. आधी जाळली तर बाकीचं कशात करणार? ते भांडून परवा पुण्याला मालकांकडे गेले. मालक आपलं ऐकतील म्हणाले. आणि ते गेल्यावर शेवाळे हसले. म्हणाले, तो परत यायच्या आत झोपडी पेटवून टाकतो. एकदा जळली की मालकाचा बापही शेवट बदलणार नाही."

फौजदारांनी घोंगडी जमिनीवर पसरली. वरचं अंग पूर्ण गेलं होतं. काळी, कुरतडल्यासारखी कड उरली होती. पांढरा धागा औषधालाही नव्हता.

मग त्यांनी ती घडी घालून नथूकडं दिली.

"सगळ्यांना कड्यावर बोलाव. अंबाजीलाही आण. आणि ही घडी मोडू नकोस, कुणाला दाखवूही नकोस."

"काय झालं, साहेब?"

"खुनी सापडला. आता तो पुढं काय करतो ते बघायचंय."

५

अंबाजीला काठापासून दोन हात अलीकडं एका धोंड्याला टेकवून बसवलं होतं. नंदाबाई पदर फाडून त्याची बोटं बांधत होती. कंपनीची माणसं अर्धगोल करून उभी राहिली. कुणीतरी पुटपुटलं, "त्या मारेकऱ्याला पट्ट्या कसल्या बांधताय?"

"पिंगळेसाहेब," फौजदार म्हणाले, "डिप्टीसाहेब येतीलच. त्यांच्यापुढं बोलायच्या आधी सगळ्यांसमोर एकदा सांगा. मला तुमच्यासारखं सांगता येत नाही."

दत्तोबा पुढं आला. त्यानं चष्मा पुसला. मोटारीत सांगितलं तसंच त्यानं सांगितलं, पण या वेळी ऐकणारे जास्त होते आणि आवाजाला धार होती. धुकं फाटलं तिथं तो थांबला.

"चेहरा दिसला?" फौजदारांनी विचारलं.

"पाठमोरा होता. पण घोंगडी कुणाची ते आंधळाही सांगेल."

"पांढरा काठ दिसला म्हणता."

"या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत."

"धुक्यामुळं तसं वाटलं असेल."

"वाटलं नाही, फौजदार. पाहिलं." दत्तोबाचा आवाज कडक झाला. "त्या क्षणी धुकं नव्हतं. काठ दुधासारखा पांढरा होता. मी पाहिलेलंच सांगतो."

गर्दीत चुळबुळ झाली. गुलजारनं तोंड उघडलं, फौजदारांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"नथू, उघड."

नथूनं घोंगडी झटकली. राख उडाली. काळं, अर्धवट उरलेलं लक्तर वाऱ्यावर फडफडलं.

"काल संध्याकाळी झोपडी पेटवली," फौजदार म्हणाले. "तुम्ही पुण्यात होता. तुमच्या हिशेबानं ही घोंगडी शेवटच्या दिवशी जळायची, म्हणून आज ती धड होती. तुम्ही गोष्टीतली घोंगडी सांगितलीत, पिंगळे. कड्यावरची नाही."

"मग... मग अंतरामुळं..."

"थांबा. अंतर नाही, धुकं नाही, तुम्हीच म्हणालात. खून बघितला असतात तर जळकी घोंगडी बघितली असतीत. म्हणजे घोंगडीवाला तिथं तुम्ही बघितलाच नाही. पण दगड?" फौजदारांनी खिशातल्या रुमालातून दगड काढला. केस अजून चिकटलेले होते. "इथल्या कुणालाही दगड ठाऊक नव्हता. सगळ्यांना वाटलं, नुसतं ढकललं, डोकं खाली पडून फुटलं. मलाही तसंच वाटलं असतं. दगड कोणत्या जाळीत फेकला ते तुम्ही मला मोटारीत सांगितलंत आणि तो तिथंच निघाला. मारणारा तुम्ही नीट सांगू शकला नाहीत. मारलेलं मात्र नीट सांगितलंत. झऱ्यावरचा माणूस तुम्ही उचलून कड्यावर आणून ठेवलात. कारण कड्यावर तुम्ही एकटे होता."

दरीतून वारा वर येत होता.

"मालकानं काय सांगितलं पुण्यात?" फौजदारांनी हळूच विचारलं.

दत्तोबाचे ओठ हलले. "शेवाळे म्हणतो तसंच होईल म्हणाला. कथा शेवाळ्याची म्हणूनच छापणार म्हणाला. अशी गेलेली ही माझी तिसरी कथा." त्यानं घोंगडीकडं बोट केलं. "सकाळी इथं मी शेवाळ्याला म्हटलं, निदान शेवट राहू दे. तो हसला. नुसता हसला आणि पाठ फिरवली. मी दगड कधी उचलला मला कळलं नाही. एकदा घातला, तरी तो उभाच होता. म्हणून पुन्हा घातला." तो गर्दीकडं वळला, जणू तक्रार सांगावी तसा. "जाळली हे त्यानं मला सांगितलंच नाही!"

६

मग तो पळाला.

वाटेच्या बाजूला माणसं होती, म्हणून तो दरीकडं पळाला. फौजदारांनी हात टाकला, हातात कोटाचं बटण आलं. दत्तोबा अंबाजी बसला होता त्या धोंड्याजवळून गेला आणि अंबाजी म्हणाला होता तशी तिथली माती खरोखरच सुटलेली होती. ती त्याच्या पायाखालून गेली.

किंकाळी अर्धीच झाली.

अंबाजीनं बसल्या जागेवरून अंग झोकून दिलं होतं. डाव्या हातानं त्यानं दत्तोबाची कॉलर धरली होती. दोन्ही पाय धोंड्याला आवळले होते. बांधलेला उजवा हात त्यानं दत्तोबाच्या काखेत खुपसला आणि वेदनेनं गुरासारखा हंबरला. दत्तोबाचे पाय खाली मोकळे लोंबत होते. त्याचा चष्मा गेला, दगडावर एकदा वाजला, मग वाजला नाही.

"सोडा त्याला!" नंदाबाई किंचाळली. तिनं नवऱ्याची कंबर मात्र मिठीत धरली होती. "सोडा, सोडा! तुमाला फासावर द्याया निगालता त्यो!"

अंबाजीच्या मानेच्या शिरा तटतटल्या. नव्या पट्ट्यांतून रक्त दत्तोबाच्या सदऱ्यावर गळत होतं.

"बगताय काय?" तो ओरडला. "या लवकर! ह्या हाताला बोटं न्हाईत माज्या!"

फौजदार, नथू, गुलजार, सगळे पालथे पडले आणि हाताला येईल ते धरून ओढू लागले. दत्तोबा वर आला तो ओला झालेला होता आणि आईला हाक मारत होता. नथूनं त्याला पालथा घालून हात बांधले.

अंबाजी उताणा पडून धापा टाकत होता. उजवा हात छातीवर ठेवलेला, त्यात आता बोटं कोणती आणि पट्टी कोणती ते कळत नव्हतं. फौजदार त्याच्याजवळ बसले. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल सोडला आणि त्याच्या मनगटाला आवळून बांधला.

"त्यानं तुझा जीव घेतला असता," ते म्हणाले. "तरी का धरलास?"

अंबाजीनं उघडा असलेला एक डोळा कंपनीच्या माणसांवरून फिरवला. मघाशी त्याचे पाय धरून ओढणारे तिथंच उभे होते. मग त्यानं फौजदारांकडं पाहिलं.

"साहेब, ह्यो माज्याजवळनं खाली गेला आसता," तो म्हणाला, "तर ढकलला कुनी म्हनले आसते?"